चावीवरचं ओझं

"सेल्फ तर मारतोय, पण गाडी धरत नाही." पावसाळ्यात राजूरला जुन्या जीपवाल्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. राजूर हे अकोले तालुक्यातलं, सह्याद्रीच्या कुशीतलं गाव. पश्चिमेला भंडारदरा, त्यापलीकडे रतनवाडी आणि घाटघर. घाटघरला तर जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की काडी ओढली तरी पेटत नाही, गूलच गळून पडतं. मग अशा हवेत पेट्रोल इंजिनातल्या ठिणगीचं काय होत असेल?

आमच्या पडवीत उभी असलेली जीप १९६८ची, सीजे-३बी. बॉनेट उंच, तोंड उभट. ते तसं आहे कारण आतल्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये बसवलेले आहेत आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेटही उचलावं लागलं. अमेरिकेत या मॉडेलचं उत्पादन १९६८च्या सुमारास थांबलं, आपल्याकडे मात्र ते पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेली, १९४८ साली 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालेली कंपनी विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून जोडू लागली, आणि त्या जीप पुढे डोंगरवाटांच्या होऊन गेल्या. डांबर नव्हतं तेव्हा बाजाराच्या दिवशी माणसं, भाताची पोती आणि कधी आजारी माणूस याच गाड्यांतून राजूरला उतरायचा. त्यामुळे ही गाडी नीट चालावी, ही माझ्यासाठी शोभेची गोष्ट नाही.

मागच्या पावसाळ्यात ती धरेना. मिस्त्री आले. त्यांनी आधी डेल्कोचं झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसलं, प्लग काढून पाहिले, पॉइंटवरून, म्हणजे डेल्कोतल्या उघडमिट करणाऱ्या संपर्कांवरून, बारीक पॉलिश पेपर फिरवला. ठिणगी दिसत होती, पण पिवळसर आणि बारीक. हवी होती निळी आणि कडाडणारी. मग त्यांनी मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. पॉइंट मिटलेले ठेवून कॉइलच्या टोकावर पाहिलं, तर १०.४. "भाऊ, मधल्या रस्त्यातच दोन व्होल्ट कोणीतरी खातंय," ते म्हणाले.

डेल्को हा शब्द इथे जरा थांबून पाहण्याजोगा आहे. आपल्या गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला सर्रास डेल्को म्हणतात. ते नाव आहे 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'चं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यासोबत १९०९ साली ती स्थापन केली. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्या जोरावर ठिणगी पाडायची पद्धत त्यानेच मोटारीत रुळवली आणि १९१२च्या कॅडिलॅकमधला विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टरही त्याचाच. त्याआधी हँडल मारावं लागे. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती वळवायचा नाही, हे जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं फिरतं, हँडल झटक्याने मागे येतं आणि मनगट मोडतं.

आता ते हरवलेले दोन व्होल्ट. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेचे दोन वेढे असतात: एक जाड तारेचा, काहीशे फेऱ्यांचा, दुसरा केसासारख्या तारेचा, हजारो फेऱ्यांचा. पॉइंट मिटले की जाड वेढ्यातून साडेतीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि लोखंडी गाभ्यात चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की प्रवाह अचानक तुटतो. शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. विहिरीवरची मोटर बंद केली की पाइपातलं धावतं पाणी मागे येऊन व्हॉल्व्हवर कसा दणका देतं, हे आपण रोज ऐकतो. धावत्या प्रवाहाला एकाएकी अडवलं की त्याची सगळी ताकद दाब बनून उसळते. कॉइलमध्ये हाच दणका पातळ वेढ्यात वीस हजार व्होल्टच्या आसपास पोहोचतो आणि प्लगच्या फटीतून उडी मारतो.

या दणक्यात किती ऊर्जा असेल, ते प्रवाहाच्या वर्गावर ठरतं. १२.४ ऐवजी १०.४ व्होल्ट मिळाले तर प्रवाह सोळा टक्क्यांनी घटतो, पण ठिणगीची ऊर्जा जवळजवळ तीस टक्क्यांनी. आणि हे गाडी उभी असताना. सेल्फ मारताना बॅटरी स्वतःच दहा व्होल्टपर्यंत खाली येते, त्यातून आणखी दोन गेले की कॉइलला जेमतेम आठ उरतात. तेव्हाची ठिणगी निम्म्याहूनही कमी ताकदीची. उन्हाळ्यात तेवढ्यावरही गाडी निघते. श्रावणात डेल्कोच्या झाकणावर बाष्प धरतं, थोडी वीज त्या ओलीतून घसरून जाते, आणि उरलेली पुरी पडत नाही. दोष पावसाचा वाटतो, तो असतो अर्धाच.

मिस्त्रींनी डॅशबोर्डमागे हात घालून चावीचा स्विच बाहेर काढला आणि त्याच्या पत्र्याच्या घड्या उचकटून उघडला. आत पितळेची पातळ चकती, तिच्याखाली स्प्रिंग. चकतीवर जिथे टोकं टेकतात तिथे काळे डाग आणि देवीच्या व्रणांसारखे खड्डे. स्प्रिंग तापून मऊ पडलेली. खालचं प्लास्टिक एका बाजूने वितळून बसलेलं. मूळ स्विच नव्हताच तो. कधीतरी कोणीतरी बाजारातून छानसा, आधुनिक, चार घरांचा स्विच आणून जुन्या वायरिंगला जशाच्या तसा जोडला होता. दिसायला उत्तम, चावी फिरवायला गुळगुळीत. पण त्या स्विचला काय वाहायला लावतोय, हे कोणी विचारलंच नव्हतं.

नव्या मोटारीतली चावी फार थोडं काम करते. ती फक्त इशारा देते. दिवे, पंखा, सेल्फ यांचा जड प्रवाह दुसऱ्याच वाटेने जातो. म्हणून तिचे संपर्कबिंदू नाजूक असले तरी चालतात. जुन्या गाडीत याच्या उलट. आमच्या जीपमध्ये कॉइलचा प्रवाह चावीतून, वायपरचा चावीतून, आणि पुढे कोणीतरी हेडलाइटही चावीवरच घेतलेले. दोन दिवे पंचेचाळीस-पंचेचाळीस वॉटचे धरले तरी त्यांचेच साडेसात अँपिअर होतात.

दोन धातू एकमेकांना टेकले की पूर्ण पृष्ठभाग टेकतो असं आपल्याला वाटतं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर दोन्हीकडे डोंगररांगाच असतात, आणि टेकतात ती फक्त काही शिखरं. सगळा प्रवाह त्या चिमूटभर जागेतून जातो. चावी बंद करताना ती शिखरं सुटतात, त्या क्षणी मध्ये बारीकशी ज्योत उठते आणि धातूचा कण जाळते. जळालेल्या जागी काळा थर, थरामुळे रोध, रोधामुळे उष्णता, उष्णतेमुळे स्प्रिंग ढिली, आणि ढिल्या स्प्रिंगमुळे शिखरं आणखी कमी. आमच्या स्विचमध्ये दोन व्होल्ट गळत होते आणि साडेतीन अँपिअर वाहत होते. म्हणजे सात वॉट. एवढ्या विजेवर घरातला एलईडी दिवा खोली उजळतो. इथे ती करंगळीएवढ्या डबीत बंद होऊन प्लास्टिक वितळवत होती. दिवे लावले की आकडा आणखी पडे आणि हेडलाइट कंदिलासारखे पिवळे होत.

सेल्फची गोष्ट तर याहून मोठी. सेल्फ मारताना मोटर दीडशे-दोनशे अँपिअर ओढते. म्हणूनच जुन्या जीपला सेल्फचं बटण पायाशी असे. पायाच्या जोराने जाडजूड तांब्याचे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जायचे. एकाच चावीने इग्निशनही आणि सेल्फही, ही सोय क्रायस्लरने १९४९ साली आणली. युद्धातल्या जीपने तर उलटा रस्ता धरला होता: सुरुवातीला तिला चावी होती, पुढे ती काढून नुसती खिटी दिली. धावपळीत चावी हरवली म्हणून गाडी अडून राहणं सैन्याला परवडणारं नव्हतं.

मग जुन्या जीपला आधुनिक स्विच बसवावा की नाही? जरूर बसवावा, पण त्याच्यावरचं ओझं उतरवून. ते उतरवतो रिले. रिलेची कल्पना मोटारीपेक्षा जुनी, १८३०च्या दशकातली, जोसेफ हेन्रीच्या प्रयोगांतली. तारायंत्राच्या लांब तारेत मंदावलेला इशारा पुढे ताज्या बॅटरीच्या जोरावर पाठवायचा, यासाठी ती कामी आली. नाव पडलं घोड्यांवरून. आपल्या डाकचौकीवर दमलेला घोडा सोडून ताजा जोडत, तसंच हे. डबीत एक छोटं विद्युतचुंबक असतं. त्याला चावीकडून जेमतेम ०.१५ अँपिअर मिळाला की ते पत्री ओढतं, खट् आवाज होतो, आणि तीस अँपिअर पेलणारी वाट मोकळी होते. चावी हुकूम देते, रिले सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फच्या जाड स्विचला ओढतो, सोलेनॉइड सेल्फला. ०.१५ अँपिअरचा हुकूम शेवटी दोनशे अँपिअरचं काम करून घेतो.

बाजारातल्या गाडीच्या बहुतेक रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. हे आकडे जर्मनीतल्या मानकातून आलेले आहेत. मिस्त्रींनी बॅटरीजवळच फ्यूज घालून अडीच चौरस मिलिमीटरची वायर ३० ला आणली, ८७ वरून कॉइलला नेली, ८६ ला चावीची बारीक वायर आणि ८५ ला अर्थिंग. सेल्फला दुसरा रिले, दिव्यांना तिसरा. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीचा वाली कोणी नसतो. जुन्या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा अशाच बिनफ्यूजच्या, कातडं उडालेल्या वायरीमुळे. टोकांना थिंबल नीट दाबून बसवलं. नुसते पीळ मारून टेप गुंडाळण्याला मिस्त्रींनी साफ नकार दिला, आणि ते मला फार आवडलं. नव्याने मोजलं तर बॅटरी आणि कॉइल यांच्यात फरक ०.२ व्होल्ट.

काही गोष्टी घाई करणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. गाडी सहा व्होल्टची असेल तर बारा व्होल्टचा रिले ओढणारच नाही. ब्रिटिश बनावटीच्या कित्येक गाड्यांना बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं, तिथे डायोड वगैरे उलटे बसवावे लागतात. स्टिअरिंग लॉक असलेला स्विच जुन्या गाडीला जुगाड करून लावू नये. घाटात उतारावर चुकून लॉक पडलं तर पुढचं बोलायला नको. इंजिन बंद ठेवून चावी 'ऑन'वर विसरली आणि नेमके पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल तापत राहते आणि रात्रभरात बॅटरी बसते. आणि डॅशबोर्डला नवं भोक पाडू नये. आमचा स्विच आम्ही डॅशच्या खाली, पट्टीवर बसवला. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी, 'व्हीए' अक्षरांची नोंदणी मिळते. स्विच त्या तिघांत येत नाही, पण पत्र्याला पाडलेलं भोक कायमचं असतं.

सगळं जोडून झालं. चावी फिरवली, रिले खटकला, सेल्फने दोन फेरे घेतले आणि गाडीने धरलं. पडवीत पेट्रोलचा वास भरला. दहा मिनिटं चालू ठेवून चावी बंद केली, आणि इंजिन चालूच राहिलं. चावी काढून खिशात टाकली, तरी चालू. शेवटी वरचा गिअर टाकून, ब्रेकवर पाय ठेवून क्लच सोडला, तेव्हा ते गचका देऊन थांबलं.

कारण आम्हाला संध्याकाळी सापडलं. या जीपला जुन्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवलेला आहे. त्याच्या चार्जिंगच्या लाल दिव्याची वायर चावीच्या ज्या टोकावरून निघते, त्याच टोकावर आता रिलेचं चुंबक होतं. चावी बंद झाली तरी फिरता अल्टरनेटर त्या दिव्यातून उलटा थोडासा प्रवाह पाठवत होता. पूर्वी तेवढ्यावर कॉइल चालली नसती. रिलेला मात्र एकदा ओढलेली पत्री धरून ठेवायला फारच थोडं लागतं, ओढायला लागतं त्याहूनही कमी. ज्या गुणासाठी त्याला आणलं, त्याच गुणामुळे तो सोडत नव्हता.

उपाय निघाला काही रुपयांचा: एक डायोड, म्हणजे विजेचा एकतर्फी व्हॉल्व्ह. लाल दिव्याच्या वायरीत तो घातला, पांढरी पट्टी अल्टरनेटरकडे. दिव्याकडून प्रवाह जाऊ शकतो, उलटा येऊ शकत नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. मिस्त्रींनी चावी फिरवली, गाडी पहिल्याच फेऱ्यात धरली. थोडा वेळ ते कान देऊन इंजिन ऐकत राहिले. मग चावी मागे आणली. डॅशखाली खट् झालं, आणि पत्र्यावरच्या पावसाचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.