चंचुपात्र ते कारखाना : विद्यापीठीय संशोधनाचा मधला टप्पा

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील उरवडे गावाच्या हद्दीत, प्रमोद चौधरी यांनी स्थापन केलेल्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचे ‘प्राज मॅट्रिक्स’ हे संशोधन केंद्र आहे. भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, मळी अशा शेतीतील आणि साखरधंद्यातील दुय्यम पदार्थांपासून इंधने व रसायने तयार करण्याच्या पद्धतींवर तेथे काम चालते आणि प्रयोगशाळेत जमलेली प्रक्रिया कारखान्यात चालेल की नाही, याची पारख होते. हे केंद्र खासगी कंपनीचे आहे. तरीही विद्यापीठांतील संशोधन समाजाच्या उपयोगी पडावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहावे, कारण आपल्या बहुतेक विद्यापीठांपाशी जो टप्पा नाही तो येथे उभा आहे.

पण त्या टप्प्यापर्यंत जाण्याआधी शोधावरचा हक्क कोणाचा, हे ठरावे लागते. बुद्धीच्या श्रमातून निर्माण झालेल्या गोष्टींवर कायद्याने दिलेल्या हक्कांना बौद्धिक संपदा म्हणतात आणि त्यांपैकी तंत्रज्ञानाशी सर्वांत निकटचा हक्क म्हणजे पेटंट, ज्याला कायद्याच्या मराठीत एकस्व असे नाव आहे. शोध नवा असावा, त्या विषयातील जाणकारालाही तो सहज सुचण्यासारखा नसावा आणि उद्योगात त्याचा वापर करता यावा, या अटी पुऱ्या झाल्या की अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे इतरांना त्या शोधाच्या व्यापारी वापरापासून रोखण्याचा अधिकार मिळतो. त्याच्या बदल्यात शोधकाला आपली पद्धत संपूर्णपणे लिहून जाहीर करावी लागते. विद्यापीठात हा साधा व्यवहार गुंतागुंतीचा होतो. अर्ज करण्याचा अधिकार मुळात खऱ्या शोधकाचा किंवा त्याने ज्याला हक्क लेखी सोपवला त्याचा असतो. आणि प्राध्यापक विद्यापीठाचा नोकर असला तरी पीएच.डी.चा विद्यार्थी नोकर नसतो. त्यामुळे विद्यार्थ्याकडून हक्कसोडीचा लेख वेळेवर घेतला नसेल, तर पुढे परवाना घ्यायला आलेली कंपनी पहिल्याच बैठकीत कागद मागते आणि व्यवहार तेथेच अडतो.

दुसरी अडचण प्रसिद्धीची. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर ठरते, तर पेटंटची पहिली अट नवेपणाची. निबंध आधी छापला गेला की शोध जगासमोर उघड झाला, असे मानले जाते. १९७० च्या भारतीय पेटंट अधिनियमात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांसाठी बारा महिन्यांची सवलत आहे, परंतु युरोपात तशी सर्वसाधारण सवलत नाही, म्हणून देशात वाचलेला हक्क परदेशात गमावला जाऊ शकतो. प्राथमिक स्वरूपाचा, म्हणजे तात्पुरत्या विवरणाचा, अर्ज आधी दाखल करून तारीख पदरात पाडून घ्यावी, मग निबंध पाठवावा आणि बारा महिन्यांच्या आत पूर्ण विवरण द्यावे, हा यावरचा सरळ उपाय आहे. त्याला खर्चही फारसा नाही, कारण २०२१ च्या नियमबदलाने शैक्षणिक संस्थांचे शुल्क ८० टक्क्यांनी उतरले आहे.

विद्यापीठातून निघालेला शोध उरवड्यातील कंपनीपर्यंत कसा पोहोचू पाहतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे आहे. त्या विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट येथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सुसान लेशाईन यांच्या प्रयोगशाळेला क्वाबिन जलाशयाजवळच्या मातीत क्लॉस्ट्रिडियम फायटोफर्मेंटन्स हा जिवाणू सापडला. वनस्पतींतील तंतुमय भाग स्वतःच फोडून त्यातील साखरेचे इथेनॉल करण्याची क्षमता त्याच्यात आहे. एरवी या दोन कामांसाठी एंझाइम आणि यीस्ट वेगवेगळे लागतात. विद्यापीठाकडून परवाना घेऊन उभी राहिलेली कंपनी पुढे क्यूटेरॉस या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०११ मध्ये तिने प्राजशी सहकार्याचा करार केला. म्हणजे शोध विद्यापीठाचा, त्याचा विकास एका नवजात कंपनीचा आणि कारखान्याची बांधणी पुण्याच्या अभियंत्यांची, अशी ही साखळी होती. क्यूटेरॉसला पुढे मोठी मजल मारता आली नाही. या क्षेत्रात तसे अनेकदा घडले आहे. ड्युपाँटसारख्या बलाढ्य कंपनीने आयोवा राज्यात २०१५ मध्ये सुरू केलेला याच प्रकारचा कारखाना २०१७ मध्ये बंद केला.

असाच जिवाणू उद्या मुळशीच्या रानातील मातीत एखाद्या संशोधकाला सापडला, तर भारतीय कायदा त्याच्यापुढे निराळे प्रश्न ठेवील. निसर्गात आहे तसा सापडलेला जीव आपल्याकडे पेटंटला पात्र नाही. त्याच्यात माणसाने केलेला बदल किंवा त्याच्या वापराची नवी पद्धत मात्र पात्र ठरू शकते. जिवाणूचे वर्णन शब्दांत पुरेसे करता येत नाही, म्हणून त्याचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. बुडापेस्ट कराराखाली असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालेला एक संग्रह, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, पुण्यातच आहे. शिवाय २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या दारी जाणे आवश्यक असते. 

हक्क मिळाला तरी तंत्रज्ञान तयार झालेले नसते, आणि या विषयातील सर्वांत दुर्लक्षित सत्य हेच आहे. चंचुपात्रातील प्रयोगात पेंढा दळून घेतलेला, स्वच्छ आणि मोजून टाकलेला असतो. कारखान्यात तो मातीसकट, कधी ओला तर कधी वाळलेला, गाड्या भरभरून येतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असल्याने यंत्रांचे भाग झिजतात, दाबाखालच्या पात्रात हा फुगीर माल सतत ढकलत राहणे कठीण जाते आणि पेंढ्यातून सुटणाऱ्या साखरेचा पाच कार्बनी अणूंचा हिस्सा नेहमीचे यीस्ट आंबवतच नाही. यांतील पुष्कळसे ज्ञान पेटंटच्या मजकुरात नसते. ते काम करणाऱ्यांच्या नोंदवह्यांत आणि हातांत असते. प्राजने २०१७ मध्ये दौंड तालुक्यातील राहू येथे दिवसाला बारा टन कोरडा माल घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आणि त्यानंतर, १० ऑगस्ट २०२२ रोजी, हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचे लोकार्पण झाले. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याच्या बेताने बांधलेल्या या प्रकल्पाचे तंत्रज्ञान प्राजचे आहे. प्रयोगशाळा, प्रात्यक्षिक आणि पूर्ण कारखाना या पायऱ्यांपैकी मधलीवर पैसा सर्वाधिक अडकतो, परताव्याची खात्री सर्वांत कमी असते आणि विद्यापीठाचे अंदाजपत्रक नेमके तेथेच संपते.

तरीही विद्यापीठाला ती पायरी चढता येते, हे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने दाखवले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत प्राध्यापकांनी उद्योगांना सल्ला देण्याची परंपरा जुनी आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने तेथे ऊर्जाजैवविज्ञान केंद्र निघाले, अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली पेंढा-चिपाडापासून इथेनॉल करण्याची पद्धत तयार झाली आणि २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स कंपनीच्या आवारात तिचा दिवसाला दहा टनांचा प्रकल्प चालू झाला. सरकारचा पैसा, विद्यापीठाची विद्या आणि उद्योगाची जागा व माणसे एकत्र आली, म्हणून हे घडले.

अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवू दिली. त्याच धर्तीचे विधेयक भारतात २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण ते संमत न होता २०१४ मध्ये मागे घेतले गेले. त्यामुळे प्रत्येक संस्था आपले धोरण आपणच ठरवते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी संचालकाचे पद दिले, ही स्वागतार्ह गोष्ट. मात्र संस्थांचा दर्जा अर्जांच्या संख्येवरून मोजण्याची जी प्रथा पडली आहे ती घातक आहे, कारण कोणीही परवाना न मागितलेले पेटंट चालू ठेवण्यासाठीसुद्धा दरवर्षी शुल्क भरावे लागते.

खरी कसोटी कराराची असते. परवाना म्हणजे मालकी आपल्याकडे ठेवून वापराची अनुमती देणे. त्याबद्दल मिळणारा विक्रीतील हिस्सा म्हणजे स्वामित्वशुल्क, ज्याला व्यवहारात रॉयल्टी म्हणतात. एकाच कंपनीला अनन्य परवाना द्यायचा असेल, तर ठरलेल्या मुदतीत प्रात्यक्षिक उभारले नाही तर परवाना परत येईल, ही अट जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनात असायलाच हवी. उद्योगाबरोबर मिळून केलेल्या संशोधनात ‘पेटंट दोघांच्या नावे’ हे वाक्य समाधानकारक वाटते, परंतु पेटंट अधिनियमाचे कलम ५० वाचले की त्यातील धोका कळतो. वेगळा करार नसेल, तर प्रत्येक सहमालकाला तो शोध स्वतःच्या लाभासाठी वापरता येतो आणि नफ्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. मात्र दुसऱ्याच्या संमतीवाचून कोणालाही तिसऱ्यास परवाना देता येत नाही. कंपनीकडे कारखाना असतो, विद्यापीठाकडे नसतो. तेव्हा सहमालकीचा सगळा लाभ एकाच बाजूला जातो आणि विद्यापीठाच्या हाती केवळ प्रमाणपत्र उरते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच वापराची क्षेत्रे वाटून घ्यावीत, कंपनीच्या क्षेत्राबाहेर परवाना देण्याची संमती तिच्याकडून आगाऊ लिहून घ्यावी, रॉयल्टीतील शोधकांचा वाटा ठरवावा आणि गोपनीयतेच्या नावाखाली विद्यार्थ्याचा प्रबंध जास्तीत जास्त किती महिने थांबवता येईल, तो आकडाही त्याच करारात घालावा.