घर गहाण ठेवलं, पुढे काय?

आठवीत चक्रवाढ व्याज शिकवताना एका मुलाने विचारलं, "सर, आमराई वॉर्डातलं घर जमिनीत गेलं ना, त्याच्यावर कर्ज असतं तर तेही बुडालं असतं का?"

ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या घुग्घुसमध्ये ते घर बघता बघता खाली गेलं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण. त्या घरावर कर्ज होतं की नाही हा विषय नाही, पण प्रश्न पक्का आहे आणि उत्तर 'नाही' असं आहे. कर्ज माणसावर असतं, घर फक्त तारण. घर गेलं तरी हप्ता राहतो. आपल्या खाणपट्ट्यात घराचा विमा काढताना जमीन खचल्यास भरपाई मिळते का आणि खोदकामामुळे खचली तर काय, हे अपवादांसकट वाचून घ्या. एजंट ते स्वतःहून सांगेलच असं नाही.

आता हप्ता थकला तर? ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक कोर्टात न जाताच वसुली करू शकते. आधी ६० दिवसांची नोटीस येते. तीत थकलेले हप्ते नाही, तर सगळंच कर्ज मागतात. इथेच लोक घाबरून कागद कपाटात ठेवून देतात. तसं करू नका! लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे बँकेने ताबा घेण्याचं पाऊल उचललं, की ४५ दिवसांच्या आत नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांची मदत घेते.

सगळी रक्कम भरून घर सोडवता येतं, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती संधी लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच. लिलावात कमी पैसे आले तर उरलेलं देणं आपल्याच डोक्यावर.

शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. एनए प्लॉटवरच्या घराला लागतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. आणि शिक्षक मंडळींनो, या कायद्यात 'कर्जदार' म्हणजे जामीनदारसुद्धा! स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सही करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपलं कर्ज विकलंही जातं, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. हजारो गृहकर्जांची मोट बांधून ती एका ट्रस्टकडे देतात आणि गुंतवणूकदार आपल्या हप्त्यांवर परतावा घेतात. याला प्रतिभूतीकरण म्हणतात. हप्ता बहुधा जुनीच संस्था गोळा करते, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. धोका असा की कर्ज देऊन लगेच विकायचंच असेल, तर समोरच्याची ऐपत कशाला तपासायची? अमेरिकेत हेच झालं आणि २००८ ला जगभर फटका बसला. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार अशा गृहकर्जांतला ५ टक्के हिस्सा देणाऱ्याला स्वतःकडे ठेवावा लागतो.

कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. संस्थेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. १ डिसेंबर २०२३ पासूनचा हा नियम आहे, कागद घ्यायला जाल तेव्हा तारीख लिहून पोच घ्या.