शिकेकाईचं पाणी

शेंग खुळखुळली तरी ती वाळली असं आत्या मानत नाही. वाकवून बघते. टचकन मोडली तर दळणाला, चिवट वाटली तर पुन्हा उन्हात. ओलसर शेंगांची पूड पावसाळ्यात गोळे धरते, बुरशी येते. मग ती टाकूनच द्यावी लागते.

बिया काढलेल्या शेंगा किलोभर, आवळकाठी पाव किलो, मूठभर रिठ्याची सालं, वासाला नागरमोथा. पिठाच्या गिरणीत हे दळत नाहीत, पुढच्या गव्हाला कडू चव लागते. कांडपावर नाकातोंडाला ओढणी बांधून जायचं. तरी शिंका येतातच.

आत्या पूड जाडसरच ठेवते. कॉलेजात असताना घाईघाईत मी ती कालवून थेट डोक्याला चोळली होती. दोन दिवस टाळू चुरचुरली. केसांत अडकलेले कण कोंडा समजून मी आणखी पूड लावली, खाज आणखी वाढली. शेंगेचं टरफल लाकडासारखं असतं. घासलं की ओरखडे काढतं. मळ काढतं ते त्यातलं सॅपोनिन, आणि ते पाण्यात उतरतं. चोथ्याचं डोक्यावर काहीच काम नाही.

म्हणून पूड रात्री भिजत घालायची, सकाळी उकळायची, कोमट झाली की मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्यायची. हे पाणी जिभेला आंबट लागतं. टाळूही किंचित आम्लधर्मीच असते. अंगाचा साबण मात्र अल्कधर्मी. आमच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाची चिकट साय केसांवर बसते, शिकेकाईची बसत नाही. फेस कमी येतो, पण तेल निघतं. डोळे मात्र घट्ट मिटायचे, थेंब गेला तरी आग होते.

यानं केस भराभर वाढतात असं मी कुणाला सांगत नाही. केस मुळातून वाढतो, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर. कोंडा हटत नसेल, चट्टे पडत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावं.

शेवटी साधं पाणी, भरपूर. कानामागे आणि मानेवर केस बोटांनी मोकळे करत. माझं न्हाणं आटोपलं की आत्या आजही मानेशी बोट फिरवून बघते. करकर लागली की आणखी एक तांब्या.