आमदाराला आव्हान देणाऱ्याची वर्गणी कोणाची?

भीमजयंती जवळ आली की आपल्या वस्तीत पावतीपुस्तक फिरते. कोणी अकरा रुपये देतो, कोणी एकशे एक. जयंती पार पडली की विहारात जमाखर्च वाचला जातो. हिशेब जुळला नाही, तर मागे बसलेली आजीसुद्धा उठून विचारते. मग निवडणुकीच्या पैशाबद्दलच आपण गप्प का?

शिरूर आणि दौंडकडे पाहा. शिरूरमध्ये २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चारही विधानसभा निवडणुकांत विद्यमान आमदार पडले. दौंडला २०१४ साली राहुल कुल यांनी आमदार रमेश थोरात यांना हरविले. २०१९ मध्ये थोरात अवघ्या ७४६ मतांनी मागे राहिले. म्हणजे आमदार बदलता येतो. पण त्याच्याविरुद्ध उभा राहणारा प्रचाराचा पैसा कोठून आणतो?

२०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. पक्षाने केलेला सर्वसाधारण प्रचार त्यात धरला जात नाही आणि त्याला मर्यादाही नाही. आमदाराचे नाव पाच वर्षे कामांच्या फलकांवर झळकलेले असते. नव्या माणसाला मात्र सारे शून्यातून उभारावे लागते. अशा वेळी ठेकेदार गाड्या देतो, व्यापारी मंडप देतो. देणारा उगाच देत नाही. निवडून आल्यावर त्याची फाइल आधी हलते. वस्तीचा नळ आणि रमाई घरकुलाची यादी मागे राहते.

४० लाख म्हणजे शंभर रुपयांच्या ४० हजार पावत्या. हे सोपे आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण सुरुवात करता येते. विधानसभेची अनामत १० हजार, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ५ हजार. शिरूर-दौंडसारख्या सर्वसाधारण जागेवरही ही सवलत मिळते, आणि १९९० च्या दुरुस्तीमुळे आपल्या बौद्ध बांधवांनाही तिचा लाभ आहे. पन्नास घरांनी शंभर-शंभर काढले की अनामत भरली! अपक्षाला दहा सूचक लागतात. तेही याच घरांत सापडतील.

मात्र वर्गणी देताना पावती मागा. उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते ठेवावे लागते आणि कोणा एकाकडून १० हजारांपेक्षा जास्त रोख घेता येत नाही. निकालानंतर ३० दिवसांत त्याने हिशेब सादर करायचा असतो. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर आयोग त्याला तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो. हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे एक रुपया भरून कोणालाही पाहता येतो. एक रुपया! शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे.

भगिनींनो, मतदानाच्या आदल्या रात्री दारात येणारी नोट ही वर्गणी नव्हे, ती किंमत असते. ती परत करा. घरखर्चातून काढलेले तुमचे दहा रुपये त्या नोटेहून मोठे आहेत, कारण ते देणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क देतात.

बाबासाहेब १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात पराभूत झाले, पण कोणाचे मिंधे झाले नाहीत. हरणे लाजिरवाणे नाही, विकले जाणे लाजिरवाणे आहे. पुढच्या निवडणुकीत जो कोणी मत मागायला येईल, त्याला चहा जरूर द्या आणि पहिला प्रश्न विचारा : भाऊ, तुमचे पावतीपुस्तक कोठे आहे?

जयभीम!