मांजराचा घास, शेजाऱ्याचा हक्क

रमजानमध्ये सहेरीच्या वेळी गल्ली जागी होते, तशी गल्लीतली मांजरेही जागी होतात. वाशी असो, नेरुळ असो की कोपरखैरणे, उभ्या गाड्यांखाली, जिन्याच्या आडोशाला, मासळी बाजाराच्या ओट्यांजवळ त्यांचा मुक्काम असतो. कोणी त्यांना रोज घास घालते, तर कोणी त्याबद्दल महापालिकेकडे तक्रार करते. मग महापालिकेचा माणूस येतो. ‘इथे घाण होते’ असे तो म्हणतो आणि ‘मुक्या जिवाला उपाशी ठेवायचे का?’ असा प्रतिप्रश्न त्याला ऐकावा लागतो.

नवी मुंबईत असा वाद गाजला तो कुत्र्यांवरून. सीवूड्सच्या एका मोठ्या वसाहतीत भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या रहिवाशांना संस्थेने दंड लावल्याचे 2021 मध्ये देशभर चर्चिले गेले. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. दरम्यान, मार्च 2023 मध्ये केंद्राने प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम आणले. त्यातला विसावा नियम खाऊ घालण्याविषयी आहे. तो ‘सामुदायिक प्राण्यां’बद्दल, म्हणजे वस्तीत जन्मलेल्या आणि कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या प्राण्यांबद्दल बोलतो. खाऊ घालण्याची जागा आणि वेळ परस्परसंमतीने ठरवावी, ती जागा मुलांचे खेळणे, जिने आणि येण्याजाण्याची वाट सोडून असावी, खाऊ घालणाऱ्याने उष्टे-खरकटे मागे ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. वाद मिटलाच नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस आणि प्राणिमित्र संस्थेचे प्रतिनिधी असलेली समिती निर्णय देते. त्या समितीपुढे तक्रारदारालाही जागा आहे.

इस्लामी परंपरेत मांजराला मान आहे. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आल्या, त्या हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे हे नावच मांजराच्या पिलावरून पडले. मांजर अपवित्र नाही, ते तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याचेही हदीसमध्ये सांगितले आहे. तिने त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. मात्र रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हासुद्धा सदकाच आहे आणि शेजाऱ्याला त्रास न देणे हा ईमानचा भाग आहे, हेही त्याच हदीस सांगतात. म्हणजे मांजराला घास देणारी बाई आणि सांडलेले उचला म्हणणारा सफाई अधिकारी, दोघेही एकेका सदक्याच्या बाजूने उभे आहेत.

दोघांना एकमेकांची गरजही आहे. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि पाच-सहा महिन्यांची मांजर व्यायला योग्य होते. त्यामुळे नुसता घास घालत राहिले तर वर्षभरात दोनाची दहा होतात. पकडून दूर सोडून दिली तर रिकाम्या जागेत दुसरी मांजरे येतात. खरा उपाय निर्बीजीकरणाचा आहे. पण कुत्र्यासारखे मांजर जाळी टाकून हाती लागत नाही. भिंतीवरून उडी मारून ते दिसेनासे होते. ते पिंजऱ्यात शिरते भुकेपोटी, ठरलेल्या वेळी, ओळखीच्या हाताजवळ. कोणती मांजर गाभण आहे, कोणती नवी आली, कोणत्या मांजरीची पिले अजून अंगावर पितात, हे रोज घास घालणारीलाच ठाऊक असते. तिला दंडाची भीती घालून पळवले, तर ती रात्री लपूनछपून खाऊ घालते आणि घाण, संख्या दोन्ही वाढतात. तिला सोबत घेतले, तर महापालिकेचे निम्मे काम तीच करते. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक किंचित कापलेले असते. असे कान वस्तीत जास्त दिसू लागले की तक्रारी आपोआप कमी होतात.

रोजा माणसाला भुकेची ओळख करून देतो आणि संयमही शिकवतो. सहेरी-इफ्तारनंतरची हाडे आणि काटे गल्लीत भिरकावणे हा दानधर्म नव्हे. एका ताटलीत घास ठेवावा, शेजारी पाण्याची वाटी ठेवावी आणि अर्ध्या तासाने ताटली उचलून जागा पुसून घ्यावी. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला इफ्तारला बोलवावे आणि जागा कोणती, वेळ कोणती, हे तिथेच ठरवावे. अधिकाऱ्यानेही दंडाच्या पावतीआधी पिंजरा आणि शस्त्रक्रियेची तारीख द्यावी. भुकेल्याला घास देणे जितके पुण्याचे, तितकेच त्या घासाचा इतरांना त्रास होऊ न देणेही पुण्याचे आहे.