आठवड्याला एक पान

पहिला स्फोट झाला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. 'रॉयल ओक'वरचे काही खलाशी उठले, काय झाले ते पाहून आले आणि पुन्हा आपापल्या झोळ्यांत शिरले. कोठारातल्या ज्वालाग्राही मालाचा भडका उडाला असावा, असा वरिष्ठांचाही कयास होता. शत्रूची शंका येण्याचे कारणच नव्हते. ही युद्धनौका भर समुद्रात नव्हती, घरी होती. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांनी चहूबाजूंनी वेढलेले स्कापा फ्लो हे ब्रिटिश आरमाराचे हक्काचे, सुरक्षित बंदर.

बारा मिनिटांनी तीन टॉर्पेडो आदळले. दारूगोळ्याने पेट घेतला, दिवे गेले आणि तेरा मिनिटांत ती अजस्र नौका उलटून तळाला गेली. तारीख १४ ऑक्टोबर १९३९. ब्रिटन युद्धात उतरून सहा आठवडेही झाले नव्हते.

बंदरात शिरण्याचे छोटे मार्ग जुनी जहाजे मुद्दाम बुडवून अडवलेले होते, पण त्यांतल्या किर्क साउंड या मार्गात फट राहिली होती. भरतीची वेळ साधून गुंथर प्रीनची 'यू-४७' ही जर्मन पाणबुडी त्या फटीतून आत आली, तीही पाण्यावरूनच. त्या रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाश पसरला होता, तरी ती कोणाच्या नजरेस पडली नाही. आत मात्र शिकार फारशी नव्हती, कारण आरमाराचा मोठा भाग आधीच दुसरीकडे हलवलेला होता. सापडली ती १९१६ साली जटलंडच्या लढाईत लढलेली, आता वेगात मागे पडलेली 'रॉयल ओक'. निव्वळ लष्करी हिशेब मांडला तर ब्रिटनचे फार काही बिघडले नाही.

माणसांचा हिशेब निराळा. ८३५ जण गेले. त्यांतल्या १३४ जणांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. ब्रिटिश आरमारात तेव्हा 'बॉय' हा चक्क एक हुद्दा होता. मिसरूड न फुटलेली ही मुले जहाजावर काम शिकत होती. पाणी बर्फासारखे गार आणि वर इंधनतेलाचा जाड थर, त्यामुळे बाहेर पडता आलेल्यांपैकीही अनेकजण वाचले नाहीत. वाचले त्यांतल्या बहुतेकांना वाचवले ते 'डेझी २' या मासेमारीच्या छोट्या बोटीने. जॉन गॅट या तिच्या तांडेलाने पहाटे चारच्या सुमारापर्यंत माणसे ओढून घेतली. आकडा ३८६ भरला.

मग चर्चिल यांनी पूर्वेकडचे मार्ग बांध घालून कायमचे बुजवायचा हुकूम दिला. बैल गेला नि झोपा केला, दुसरे काय! पण हा झोपा मोठा चमत्कारिक निघाला. तो बांधायला उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी आणले गेले. युद्धकैद्यांना लष्करी कामाला जुंपता येत नाही, म्हणून हे बांध बेटे जोडणारे रस्ते आहेत, अशी मखलाशी झाली. आज ते खरोखरच रस्ते आहेत. लोक त्यांवरून बाजारहाटाला जातात. लॅम्ब होम बेटावर याच कैद्यांनी दोन पत्र्याच्या बराकी जोडून प्रार्थनामंदिर उभारले. डोमेनिको किओकेत्ती या कैद्याने ते आतून असे रंगवले, की सपाट भिंतीवर कोरीव दगडाचा भास व्हावा.

'रॉयल ओक' अजून तिथेच आहे, सुमारे तीस मीटर खोल पाण्यात, जवळजवळ पालथी. कायद्याने ती युद्धसमाधी आहे, तिथे विनापरवाना बुडी मारायला बंदी आहे. तिच्या टाक्यांतले तेल कित्येक दशके झिरपत राहिले आणि शांत दिवशी पाण्यावर रंगीत तवंग दिसत राहिला. तेल काढणे भाग होते, पण समाधीची मोडतोडही करायची नव्हती. शेवटी टाक्यांना बेताने भोके पाडून ते पंपाने उपसावे लागले.

दरवर्षी स्मृतिदिनाच्या सुमारास नौदलाचे पाणबुडे खाली उतरतात आणि तिच्यावरचा जीर्ण झालेला ध्वज काढून नवा लावतात. तिथे वारा नाही, पाहणारेही कोणी नाही.

जहाजाची घंटा मात्र वर आणली आहे. कर्कवॉल गावात बाराव्या शतकातले, तांबूस दगडाचे सेंट मॅग्नस कॅथीड्रल आहे, तिथे ती ठेवली आहे. जवळच मृतांच्या नावांची वही असते. दर आठवड्याला तिचे एक पान उलटतात.