जाकीट अंगात राहतं का?

पाण्याच्या वाटेने : लेखांक ६

चेन्नईच्या गिंडीतल्या आमच्या इमारतीत मराठी घरं तीन. त्यांतल्या एका घरातून गेल्या रविवारी फोन आला. "काका, जुलैत आई-बाबा येतायत पुण्याहून. सगळे मिळून कावेरीवरच्या होगेनक्कलला जाऊ म्हणतोय. थोरला अकराचा, धाकटी सहाची. परिसलमधून, त्या गोल टोपलीतून, नेतात ना, मुलांना चालेल ना?" मागच्या लेखांकात विहिरीत पोहायला शिकण्याबद्दल लिहिलं होतं. आज वाहत्या पाण्याकडे वळायचंच होतं, तेव्हा याच प्रश्नाचा धागा धरतो.

"चालेल ना" असं आपण विचारतो तेव्हा उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. गाडी सांगितलेली असते, मुलं आठवडाभर नाचत असतात. मग काठावर कुणी वय विचारलं, की शिकलेसवरलेले आईबापसुद्धा एखादं वर्ष वाढवून सांगतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मुलगा बाजूला उभा राहून ऐकत असतो आणि आपलं वय काय सांगायचं ते तेवढ्यात शिकतो. वयाची अट मुलाची लायकी ठरवायला घातलेली नसते. ऐन वेळी, उत्साहाच्या भरात, चार पाहुण्यांच्या आग्रहापुढे मोठ्यांचा निर्णय ढळू नये म्हणून ती असते. आकडा आधीच ठरलेला असला की काठावर वाद घालावा लागत नाही.

हा आकडा येतो कुठून? आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण कोलाडचं. कुंडलिका नदीत राफ्टिंग करणारे लोक साधारण बारा किंवा चौदा वर्षांची अट सांगतात. कारण राफ्टमध्ये बसण्याच्या पद्धतीत आहे. माणूस राफ्टच्या फुगवलेल्या काठावर बसतो आणि आतल्या आडव्या फुग्याखाली पाऊल अडकवून तोल धरतो. आठ वर्षांच्या मुलाचं पाऊल तिथवर पोचतच नाही. पहिल्या उसळीला ते उडतं. दुसरं कारण हुकमाचं. मार्गदर्शक "पुढे", "मागे", "थांबा", "खाली बसा" असं ओरडतो, तेव्हा दोन सेकंदांत ते करावं लागतं. घाबरलेलं लहान मूल त्या वेळी हुकूम ऐकत नाही, ते आईकडे बघतं. आणि मग आईही वल्हं सोडते.

कुंडलिकेत आणखी एक गोष्ट आहे. मुळशीचं पाणी घाटाखाली उतरवून टाटांच्या भिरा वीजकेंद्रात वीज होते आणि ते वापरलेलं पाणी नदीत येतं. म्हणून तिथे भर उन्हाळ्यातही राफ्टिंग होतं. पाणी सकाळी सुटतं, आणि त्याच्या चढउताराचा आभाळाशी काही संबंध नसतो. सकाळी ज्या दगडावर बसून पोहे खाल्ले, तो दगड तासाभराने दिसत नाही.

होगेनक्कललाही नेमकं हेच लक्षात घ्यावं लागतं, आणि चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाची फसगत इथेच होते. आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. चेन्नईत आल्यावर आपण शिकतो की इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि जुलै म्हणजे घामाचा महिना. मग वाटतं, जुलैत तमिळनाडूतली नदी निवांत असेल. पण कावेरीला जुलैत पाणी येतं ते कोडगूच्या डोंगरांतून आणि काबिनी नदीवाटे वायनाडमधून, म्हणजे आपल्याच नैऋत्य मोसमी पावसातून. कृष्णराजसागर आणि काबिनी ही धरणं भरली की कर्नाटक पाणी सोडतं. ते बिळिगुंडलूच्या मोजणी केंद्रावरून पुढे होगेनक्कलला येतं. होगेनक्कलच्या धर्मपुरी जिल्ह्यात कोरडं ऊन पडलेलं असतं आणि नदी तांबूस, फेसाळ होऊन वाहत असते. असा विसर्ग वाढला की जिल्हा प्रशासन परिसल बंद करतं. पंढरपूरला उजनीतून पाणी सुटल्यावर चंद्रभागेचं वाळवंट बुडतं, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. तीच गोष्ट इथे, फक्त भाषा वेगळी. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज बघून भागत नाही, बिळिगुंडलूचा विसर्ग बघायचा. परिसल बंद असेल, तर "दोनशे रुपये जास्त देतो" म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही.

परिसल म्हणजे बांबूची गोल टोपली, कन्नडमध्ये हरिगोलु. तिला पुढचं टोक नाही, मागचं नाही. वल्हेवाल्या अण्णाच्या हाताचं कसब हेच तिचं सुकाणू. ती गोल फिरते तेव्हा मुलांना मौज वाटते आणि नेमक्या त्याच वेळी फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकतात. टोपलीत किती जण बसायचे हे वल्हेवाल्याला ठरवू द्यावं. एका मुलाला मांडीवर घेतलं म्हणजे एक माणूस कमी झाला, असं पाणी मानत नाही.

आता जाकीट. माझ्या मते संपूर्ण विषयाचं मर्म इथे आहे, आणि इथेच वयाचा आकडा अपुरा पडतो. जाकीट वजनावर ठरतं. अमेरिकेत मुलांच्या जाकिटांची मापं साधारण 14 ते 23 किलो आणि 23 ते 41 किलो अशी असतात. तिथल्या तटरक्षक दलाच्या नियमानुसार चालत्या बोटीत उघड्यावर बसलेल्या तेरा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात जाकीट असावंच लागतं, त्या राज्याचा स्वतःचा वेगळा नियम असेल तेवढाच अपवाद. आपल्याकडे बोटीच्या धक्क्यावर ढिगातून मिळतं ते बहुतेक मोठ्यांचं. मोठ्यांचं जाकीट लहान मुलाला घातलं आणि मूल पाण्यात पडलं, की जाकीट वर राहतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. परीक्षा सोपी आहे: जाकीट घालून सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांवर धरून मुलाला वर उचला. जाकीट हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आलं, तर ते त्या मुलाचं नाही. लहान मुलांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. दंडाला लावायचे फुगे आणि कमरेची रंगीत रिंग ही खेळणी आहेत, नदीत त्यांचा भरवसा धरू नये.

जाकिटाची एवढी काळजी का करायची, तर बुडणारं मूल ओरडत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचं बारकाईने निरीक्षण केलं. तोंड पाण्याखाली-वर होत असताना माणूस श्वास घेण्यात गुंतलेला असतो, हाक मारायला त्याला श्वास उरत नाही. ही धडपड 20 ते 60 सेकंदच टिकते. म्हणून "आम्ही काठावर बसून लक्ष ठेवतोय" याला अर्थ नाही. सहा वर्षांच्या मुलापासून मोठ्या माणसाचं अंतर हात पुरेल इतकंच असावं. एका लहान मुलामागे एक पोहता येणारा मोठा, आणि त्याच्या हातात मोबाइल नाही.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी 2024 मध्ये सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तिथे वयाच्या अटीचा प्रश्नच नव्हता. बोटीत माणसं जास्त होती आणि अनेक मुलांच्या अंगात जाकीट नव्हतं. ते तर संथ तळं होतं.

ट्यूबवर बसून नदीतून वाहत जाणं, म्हणजे ट्यूबिंग, हल्ली दांडेलीच्या काळी नदीपासून बऱ्याच ठिकाणी रुजलंय. दिसायला ते सर्वांत सोपं, म्हणून पालक तिथे सर्वांत सैल असतात. पण ट्यूबला वल्हं नसतं, दिशा नसते, थांबायची सोय नसते. आपल्या गावांत विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचे आणि कमरेच्या दोराचं टोक काठावरच्या काकाच्या हातात असायचं. त्या आठवणीने बरेच बाप मुलाची ट्यूब स्वतःच्या ट्यूबला दोरीने बांधतात. विहिरीत दोर तारतो, कारण पाणी उभं असतं. धारेत तोच दोर घात करतो. पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्या गाळणीसारखं काम करतात: पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. दोरी एका बाजूने फांदीत गुंतली की दोन्ही ट्यूब तिथेच दाबल्या जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. बापाची ताकद त्याला पुरत नाही.

ट्यूब सुटली तर? उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पाण्याच्या वर, आणि हातांनी तिरकं काठाकडे सरकायचं. उभं राहायचा प्रयत्न मुळीच नाही. गुडघाभर धारेत पाऊल दगडांच्या फटीत अडकलं तर पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेत ना, तसे खड्डे पाण्याखाली असताना वरून काहीच दिसत नाहीत. ही उताणं पडायची सवय घरी गादीवर, मग तरणतलावात, दहा वेळा करून घ्यावी. ज्या मुलाला ती सांगितल्याबरोबर करता येत नाही, त्याचं वय पंधरा असलं तरी त्याला ट्यूबवर बसवू नये. बंधारा असलेल्या पट्ट्यात तर कुणीच जाऊ नये. बंधाऱ्याखाली पाणी मागे फिरत राहतं आणि जाकीट घातलेल्या माणसालाही सोडत नाही.

जिथे तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, तिथे अट घालणारंही कुणी नसतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुलं होती. अशा जागी अट आपणच घालायची.

गिंडीकरांसाठी एवढंच: आपल्या आणि सैदापेटच्या मधून वाहणाऱ्या अड्यार नदीत मुलांना हौसेखातर उतरवू नका. तिच्यात सांडपाणी आहे. अशा पाण्याचा एखादा घोट किंवा पायावरची लहानशी जखम लेप्टोस्पायरोसिसला पुरते. डिसेंबर 2015 मध्ये चेंबरमबाक्कम तलावातून 29,000 क्युसेक, म्हणजे सेकंदाला आठ लाख लिटरहून जास्त पाणी सुटलं आणि हीच मरगळलेली नदी कोट्टूरपुरमच्या घरांत शिरली. मुलांना वल्हं हातात द्यायचं असेल तर मुट्टुकाडूचं संथ खाजण आहे, चिदंबरमजवळ पिचावरमची कांदळवनं आहेत.

शनिवारी संध्याकाळी ते कुटुंब आमच्याकडे आलं. माझ्याकडची दोन जाकिटं काढली. थोरल्याला लहान जाकीट नीट बसलं. त्याने जमिनीवर उताणं होऊन, पाय वर करून दाखवलं, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. धाकटीचं वजन एकोणीस किलो. तेच जाकीट तिला घालून खांद्यांना धरून उचललं, तर ते तिच्या नाकापर्यंत आलं आणि ती आतून म्हणाली, "काका, मला काहीच दिसत नाहीये." तिच्या आईने पट्टे सोडले. बाबांनी फोन काढून होगेनक्कलची खोली रद्द केली आणि विचारलं, मुट्टुकाडूला सकाळी किती वाजता पोचलं तर ऊन कमी लागेल? तिच्या मापाचं, मांडीच्या पट्ट्याचं जाकीट आधी विकत घ्या, मग वेळ ठरवू, असं मी सांगितलं.